आम्रपालीची वाकळ

आम्रपाली त्या शनिवारी कसबा पेठेत गेली ती फक्त दोरा आणायला. जाड, सुती, पांढरा दोरा. एवढ्यासाठी कर्वेनगरहून इतक्या लांब यायची खरं तर गरज नव्हती. पण शिवणाच्या वर्गातल्या द्वारकाताईंनी दुकान सांगितलं होतं, आणि द्वारकाताईंनी सांगितलेल्यात बदल करायची कुणाची छाती नसे. गल्लीत तांब्याची भांडी ठोकल्याचे आवाज येत होते. दुकान एवढंसं, छतापर्यंत रिळांनी भरलेलं.

"पांढरा म्हणजे कुठला पांढरा?" दुकानदार वर न बघता म्हणाले. "दुधाचा, चुन्याचा, की सरकारी कचेरीच्या भिंतीचा?"

तिनं पिशवीतून वाकळीचा कोपरा बाहेर ओढून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा आवाज जरा उतरला.

"हा रंग विकत मिळत नाही, बाई. तो पांघरून पांघरून येतो." त्यांनी मागच्या फळीवरून एक रीळ काढलं. "हे घ्या. वीसेक वर्षांनी जुळेल."

ती हसली. आई गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

आम्रपाली भंडारा जिल्ह्यातली, पवनीच्या बाजूच्या एका खेड्यातली. नागपुरात इंजिनियर झाली आणि हिंजवडीला एका कंपनीत लागली. तेव्हा हिंजवडीत महिन्याला एक नवी काचेची इमारत उभी राहत होती, आणि तिच्यासारखी शेकडो मुलं विदर्भातून येऊन कोथरूड-कर्वेनगरात भाड्यानं राहत होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. फोनवरच्या गोऱ्या साहेबांना 'आम्रपाली' म्हणता येत नसे, म्हणून त्यांनी तिला 'एमी' करून टाकलं. हळूहळू ऑफिसातले सगळेच एमी म्हणू लागले. तिला ते बरंच वाटलं. नाव आखूड झालं की पुढचे प्रश्नही आखूड होतात. कुठलं गाव, गावाच्या कुठल्या बाजूला घर, आडनाव काय, हे मग कुणी विचारत नाही.

तिची आई, सुंदराबाई, गेल्या हिवाळ्यात वारली. मागचं सगळं उरकल्यावर निघताना वडिलांनी, बाबुरावांनी, एक गाठोडं तिच्या हातात दिलं. आत आईची अर्धी राहिलेली वाकळ होती. पुण्यात लोक गोधडी म्हणतात, तिच्याकडे वाकळ. "घेऊन जा," ते म्हणाले. "इथं राह्यली तर मी रोज पाहीन." तिनं ते गाठोडं पुण्याला आणून कपाटाच्या तळाशी कोंबलं आणि पुन्हा त्याकडे पाहिलं नाही.

पण झोप गेली. ती रात्ररात्र कुशी बदलत राही. शेवटी तिच्याबरोबर राहणारी राजनंदिनी वैतागली. "यार, असं किती दिवस भिंतीकडे बघत बसणार? समथिंग कर ना हातानं." तिनंच तिला द्वारकाताईंच्या शनिवारच्या वर्गात नेऊन बसवलं. द्वारकाताई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. कर्वेनगरातल्या त्यांच्या घरी सात-आठ बायका जमत, कापडावर काहीबाही शिवत, भरत. आपण कोण ते कापडात दाखवायचं, असा काहीसा विषय होता. कुणी माहेरचं अंगण भरत होतं, कुणी स्वतःचा चेहरा. आम्रपालीला काही सुचेना. तेव्हा द्वारकाताईंनी तिला कपाटातल्या गाठोड्याबद्दल बोलतं केलं आणि म्हणाल्या, "मग नवीन कशाला करतेस? ते पुरं कर. आणि सुई हलकी धर. कुदळ नव्हे ती."

म्हणून हा दोरा.

दुपारी ती घरी आली. राजनंदिनी सुट्टीला कोल्हापूरला गेली होती. वीज गेलेली होती. त्या वर्षी ती रोजच जायची. पंखा बंद पडला की सोसायटीभर एक जड शांतता पसरायची, आणि एरवी कधी ऐकू न येणारे आवाज वर यायचे. नळाची ठिबक, खिडकीच्या गजावर कबुतराची नखं. आम्रपालीनं खोलीच्या मधोमध वाकळ पसरली. तिच्यातून वास उठला. कडुनिंबाचा वाळका पाला, चुलीचा धूर, आईच्या केसांचं तेल. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

एकेक लुगडं तिला ओळखू आलं. हे हिरवं शेतात जायचं. हे पांढरं दरवर्षी दीक्षाभूमीला जाताना नेसायचं, निळ्या काठाचं. धावदोऱ्याच्या ओळी चारी कडांनी सुरू होऊन एकीच्या आत एक अशा मध्याकडे गेल्या होत्या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. आणि बरोब्बर मधे परातीएवढी जागा कोरी होती. तिथलं कापड मात्र सुयांच्या भोकांनी चाळणी झालेलं. तिथे कुणीतरी पुन्हा पुन्हा शिवलं होतं, आणि पुन्हा पुन्हा उसवलं होतं.

तिनं नवं रीळ घेतलं. दोरा जाड, सुईचं नेढं बारीक. दोनदा, चारदा, दोऱ्याचं टोक पिंजारून गेलं. तिनं सुई वाकळीत टोचून ठेवली आणि पाणी प्यायला उठली.

परत आली तर सुई ओवलेली होती.

शेवटाला गाठही मारलेली. आपणच ओवली आणि विसरलो, असं तिनं स्वतःला सांगितलं. झोप नसलेल्या माणसाला काय, काहीही वाटतं. तिनं सुई उचलली. चिमटीत दोऱ्याचं टोक आलं.

टोक ओलं होतं. तोंडात घालून ओलं करतात, तसं.

त्या दुपारी तिनं एक फेरा शिवला. दोरा संपे, ती सुई टोचून ठेवी आणि मुद्दाम खिडकीकडे जाई. पाठीमागे काही आवाज होत नसे. फक्त एकदा, वाकळीवरून काहीतरी हलकं सरकल्यासारखं... मांजर कूस बदलतं तेवढंच. ती वळे तेव्हा सुई ओवलेली असे. भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती. मानेवरचा काटा जात नव्हता. पण त्या भीतीत असं काही होतं की उठून बाहेर जावंसं मात्र वाटत नव्हतं.

पुढच्या शनिवारी द्वारकाताईंनी तिचं काम हातात घेतलं. टाके पाहून त्यांनी नुसतं "हं" केलं, म्हणजे बरे होते. मग त्या एका जागी थबकल्या.

"दोरा दातांनी तोडू नये. कात्री कशाला दिलीये?"

"मी कात्रीनंच..."

"मग हे काय?" त्यांनी गाठीजवळचं टोक दिव्याखाली धरलं. चावून चपटं झालेलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "घरी कुणी लहान मूल आहे का गं? केवढेसे दात आहेत. दुधाचे."

आम्रपालीनं नकारार्थी मान हलवली. द्वारकाताईंनी वाकळ दुमडून तिच्या हातात दिली आणि त्या दिवशी तिच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

घरी जाता जाता तिनं रस्त्यातूनच वडिलांना फोन लावला. गावी बोलताना तिची बोली आपोआप बदलायची, ऑफिसातली एमी गळून पडायची.

"बाबा, मायले तर शेवटी डोळ्यानं दिसे नाही. मंग सुई कोण ओवून देई तिले? तुम्ही?"

"मी? मले कुठं जमते ते." बाबुराव किंचित हसले. "मी इचारलं होतं एकदा. म्हणे, आम्रपाली ओवून देते. म्या म्हटलं, हिले पोरीची याद येते, म्हणून बडबडते."

"पण मी तर इकडं होती, बाबा."

फोन कटला की काय, म्हणून तिनं स्क्रीन पाहिली.

"बाबा?"

"आता तुह्यी माय नाही," ते म्हणाले. "आता सांगतो. तिनं शपथ घातली होती मले... तुह्या आधी एक होती. पहिली. तिचंच नाव आम्रपाली."

आम्रपाली रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"धानाच्या रोवण्याचे दिवस होते. माय चिखलात, पोरगी वावराच्या काठाले, धुऱ्यावर. चारेक वर्साची असंन. लहान हाताची, नजरेची तेज, सगळ्या बायाइच्या सुया तीच ओवून दे. माय तिले म्हणे, ह्या सुया ओवून ठेव, इथून हालू नको, मी आलीच. एवढी पात सरली का आलीच." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "पान लागलं तिले. साप चावला. पण उठली नाही, वरडली नाही. मायनं हालू नको म्हटलं होतं ना. माय आली तं बसल्या जागी... सुई हातातच होती, बाई. ओवलेली."

रस्त्यावरून रिक्षा गेल्या, कॉलेजची मुलं हसत गेली.

"मंग तू झाली. म्या म्हटलं, दुसरं नाव ठेवू. तुह्यी माय आयकेच ना. म्हणे, तिच्या नावानं हाक मारली नाही तं तिले वाटंन का आपल्याले इसरले. ते वाकळ तिच्यासाठीच घातलेली. दरसाली मधापर्यंत शिवे, आन् उसवे. पुरी झाली का पोरगी जाईन म्हणे."

"आन् मी?" आम्रपालीनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी कोण होती, बाबा?"

"तू आमची लहानी. असं काऊन इचारतं?" आणि बाबुराव रडू लागले. त्यांना रडताना तिनं आई गेली तेव्हासुद्धा ऐकलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस तिनं कसे काढले, ते राजनंदिनीनं पाहिलं. पण कारण तिला कळलं नाही. आम्रपाली ऑफिसला जायची, यायची, जेवताना मधेच थांबायची. आईनं मारलेल्या साऱ्या हाका तिला आठवत. अंगणातून, विहिरीवरून, दिवेलागणीला. त्यातल्या किती आपल्यासाठी होत्या? आई कधीकधी आपल्या चेहऱ्याकडे बघता बघता एकदम नजर काढून घ्यायची, ती का? ज्या नावाचे आपण ऑफिसात तुकडे करून टाकले, ते आपलं नव्हतंच मुळी. चार वर्षांच्या एका पोरीचं होतं. ती ते वापरून संपली नव्हती, आणि आपण तिच्या अंगावरून काढून घेतलं.

राग आईचा यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर येई तो धुरा, आणि त्यावर हातात सुई धरून मुकाट बसलेलं लेकरू. आई म्हणाली होती, मी आलीच.

पुढच्या रविवारी संध्याकाळी तिनं वाकळ शेवटची पसरली. राजनंदिनी बाहेर गेली होती. ऊन उतरून भिंतीवर तांबूस पट्टा उरला होता आणि वीज नव्हती. रोज थोडं थोडं शिवून मधली जागा आता बशीएवढी राहिली होती.

या खेपेला ती खिडकीकडे गेली नाही. सुई आणि दोरा तिनं समोर ठेवले, डोळे मिटून घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

"ताई... ओवून दे."

खोलीतली हवा थांबली. ओल्या मातीचा, उपटलेल्या धानाच्या रोपांचा वास आला. त्या कोरड्या महिन्यात, तिसऱ्या मजल्यावर. मग अगदी जवळ दोरा ओठांत धरल्याचा बारीकसा, ओला आवाज. आणि तिच्या मांडीला काहीतरी टेकलं. हलकं. थंड.

तिनं डोळे उघडले नाहीत. हात पुढे केला, सुई बोटांत आली. ती तशीच, बोटांनी टाका चाचपत शिवत गेली. आंधळी आई शिवायची तशी. फेरा लहान होत गेला. मांडीवरचं ते ओझं टाक्यागणिक जवळ सरकत होतं. शेवटचा टाका राहिला तेव्हा तिचा हात थांबला. हा घातला की संपलं. आईचं जे काही या जगात उरलं होतं, ते एवढंच तर होतं. पण किती दिवस बसवून ठेवायचं तिला त्या धुऱ्यावर?

तिनं टाका घातला आणि गाठ मारली.

कुणी गेलं नाही. उलट, कानाशी श्वास आला. कुजबुज.

"झालं... आता माय येईन?"

पोरीला माहीतच नव्हतं. सुंदराबाई गेली, जळाली, राख वैनगंगेत वाहून गेली, आणि ही अजून वाट पाहत होती. खरं सांगायला हवं होतं. पण चार वर्षांच्या लेकराला कोण सांगेल?

"येईन," आम्रपाली म्हणाली. "येईन ना. आलीच."

मांडीवरचं ओझं उतरलं. फरशीवर पावलांचे ठपठप आवाज दाराकडे गेले. तिनं डोळे उघडले. वाकळ पुरी झालेली होती आणि खोलीत कुणी नव्हतं.

सुया त्यानंतर कधी आपोआप ओवल्या गेल्या नाहीत. आम्रपालीला झोप लागू लागली. द्वारकाताईंनी पुरी झालेली वाकळ पाहिली, मधल्या फेऱ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "इथे दोन हात आहेत. पण सांधा दिसत नाही. चांगलं आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फारच. आम्रपालीनं ऑफिसातही सांगून टाकलं, एमी म्हणू नका. मग काय म्हणायचं, असं विचारल्यावर मात्र तिनं खुर्ची स्क्रीनकडे वळवली.

आणि मग ते कडीचं सुरू झालं.

त्यांच्या दाराला बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच होतं. शिवाय आतून दोन कड्या, एक वर, डोक्याच्याही वर, आणि एक खाली, गुडघ्याजवळ. संध्याकाळी घरात आल्यावर राजनंदिनी दोन्ही लावायची. थोड्या वेळानं बघावं तर खालची निघालेली.

"एमी, सॉरी, आम्रपाली... तू कडी काढतेस का सारखी?"

"नाही."

"मग काय माझं डोकं फिरलंय? फक्त खालचीच कशी निघते? कुणाची वाट बघतेयस का?"

वरच्या कडीला हात पुरत नसेल, एवढंच आम्रपालीच्या मनात आलं. त्या दिवसापासून राजनंदिनीच्या नकळत ती खालची कडी स्वतःच काढून ठेवू लागली. पण दिवेलागणीला दाराशी बसून असलेलं कुणीतरी तिला जाणवत राही. काही दिसत नसे. केवळ तिथून जाताना पाय आपोआप वळसा घालत. आपण खोटं बोललो, हे तिला खात राहिलं. पुन्हा एकदा कुणीतरी त्या पोरीला 'आलीच' म्हणून बसवून गेलं होतं. आणि हे खोटं एक दिवस तिला कळलं म्हणजे?

श्रावण सरत आला असताना एका गुरुवारी कंपनीच्या बसनं तिला नेहमीपेक्षा लवकर सोडलं. राजनंदिनी त्या आठवड्यात कामासाठी बेंगळुरूला गेली होती. घर सकाळपासून बंद. जिन्यात अंधार, वीज गेलेली. आम्रपालीनं चाचपत किल्ली घातली, फिरवली. लॅच उघडल्याचा खटका झाला. तिनं दार ढकललं.

दार हललं नाही.

तिनं खांदा लावला. वर आणि खाली, दोन्हीकडे अडलेलं होतं. दोन्ही कड्या आतून लागलेल्या होत्या.

तिनं कान लावला. आत कुणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते. बाईचा सावकाश, थकलेला आवाज, आणि मधे मधे काहीतरी भराभर विचारणारा बारीक. मग चुलीच्या धुराचा वास दाराच्या फटीतून आला, आणि आम्रपालीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तिनं दारावर टकटक केली. अगदी हळू.

बोलणं थांबलं.

"कोन होय?" आतून बाईच्या आवाजानं विचारलं.

नाव ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ते नाव आत होतं. घरात, आईजवळ. बाहेर उभी होती तिच्यापाशी सांगायला काहीच नव्हतं. जिन्यातला अंधार पाठीला लागला होता. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिटी देऊन थांबला.

"मी..." ती म्हणाली. "लहानी."

मग खालची कडी सटकन सरकली.

दार अजून अडलेलंच होतं. आम्रपाली श्वास धरून उभी राहिली. आणि वर, तिच्या डोक्याच्याही वर, दाराच्या पलीकडच्या बाजूनं एक हात लाकडावरून सावकाश फिरू लागला. डोळ्यांनी न दिसणारं माणूस कडी शोधतं तसा, चाचपत... चाचपत...